तळघराच्या दारातली पाच बोटं

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारा माणूस. आमच्या ॲल्युमिनियमच्या कामात माप चुकलं की दार अडकतं, माप बरोबर असलं की सरकतं... मधे तिसरं काही नसतं, असंच वाटायचं. सातवीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुकलं-माकलं सांभाळून घ्या. हे मी भीतीपोटी नाही, लाजेपोटी लिहितोय.

मूळचा मी माणदेशातला. एका ठेकेदाराबरोबर आदिलाबादला आलो, तो दुसऱ्या कामावर निघून गेला आणि मी इथंच राहिलो. तेलुगू येत नाही, ओळख कुणाची नाही. ज्यांच्या खिडक्या बसवल्या होत्या त्या मराठी सरांनी मागची खोली राहायला दिली. सर कॉलेजात शिकवतात. त्यांच्या आई, म्हणजे काकू, मला दोन वेळ जेवू घालायच्या – अगदी घरच्यासारखं.

मी खाली मान घालून जेवायचो. परक्याचं अन्न, वर बघायची लाज वाटायची. त्यामुळं काकूंचा मला दिसायचा तो फक्त भाकरी वाढणारा हात. मधलं बोट पेरभर तुटलेलं, कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेलं. तो हात मी कुठंही ओळखला असता.

यंदा सरांनी रिकाम्या तळघराची गेस्ट रूम करायचं काढलं. आधी तिथं ज्वारीची पोती असायची. जिन्यापाशी पल्ला उघडायला जागा नाही, म्हणून स्लायडिंग दार. मी जुना सागवानी उंबरा उपटत होतो, तेव्हा काकू जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"उंबरा काऊन काढून राह्यला रे बाबू?"

"काकू, स्लायडिंगला उंबरा नसतो. खाली ट्रॅक येतो."

"बिनउंबऱ्याचं दार? मंग पाव्हन्याले समजन कसं, आत आलो का बाहेरच हाये?" त्या हसल्या आणि वर गेल्या. मीही हसलो.

दार बसलं, लोण्यासारखं सरकायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अडकलं. ट्रॅकवर हळदीकुंकू! आतल्या पांढऱ्या फरशीवरून पाच बोटं ओढत आणलेली, उंबऱ्याला लावतात तशी. मधलं बोट आखूड.

पुसलं. परत आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं... मी फडकं खिशातच ठेवायला लागलो. पण सरांचे सासू-सासरे खोली बघायला आले, सर्वांसमोर दार अर्ध्यात अडकलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, कारागीर पुन्याकडचा हाये म्हने? दार तं मायासारखंच गुडघ्यात धरून राह्यलं!"

सगळे हसले. काम वाईट ठरलं तर या घरात कुठल्या तोंडाने राहू? आणि मी बोलून गेलो –

"काकू, तुम्ही रोज इथं हळदीकुंकू लावता, ते रोलरमध्ये जातं. बंद करा ना आता!"

जिन्यावरून फक्त काकूंच्या पायांचा आवाज... वर जाणारा.

सरांनी मला बाजूला घेतलं. "अरे, बाबा जाऊन वर्ष झालं. आई आता कुंकवाले हात लावत नाई. आदी लावे, त्याच धान्याच्या उंबऱ्याले, रोज."

मला वाटायचं, काका गावी, बाजारहत्नूरला, शेतावर असतात. बोलण्यात सारखं 'बाबांचं शेत' यायचं. बैठकीत हार घातलेला फोटो आहे, पण मी बैठकीत कधी गेलोच नव्हतो. आणि इतके महिने ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या कपाळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे लग्नाला बाजारहत्नूरला गेले, काकूसुद्धा. मी ट्रॅक ओला करून पुसला, नवे रोलर टाकले, दाराला कुलूप घातलं. किल्ली खिशात. तळघरात जायला तो एकच जिना, आणि मी दिवसभर त्याच्या वरच्या पायरीवर बसून होतो. माफी कशी मागायची, तेवढंच डोक्यात. ऊन उतरायच्या आत खाली जाऊन कुलूप काढलं, दार सरकवलं.

पाच बोटं. हळद अजून ओली होती.

सगळे परत आले तसा मी काकूंपुढे जाऊन उभा राहिलो. हातात किल्ली आणि पुसायचं फडकं. त्याच म्हणाल्या, "चाल, दाखव."

खाली बसून त्यांनी आपला पंजा त्या बोटांवर धरला, न टेकवता. आखूड बोटावर आखूड बोट आलं.

"हळदच हाये का, कुंकूबी?"

"दोन्ही आहे, काकू."

त्यांनी पंजा उलटा करून आपल्याच हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "या हाताले अजून कोनी सांगतलं नाई वाटते."

मी फडकं मागं लपवलं.

सर म्हणतात, आई झोपेत लावत असेल. पण त्या दिवशी त्या गावाला होत्या, किल्ली माझ्याजवळ होती. मला काही सांगता येत नाही, आता विचारतही नाही. ट्रॅक मी पुसत नाही. दार अर्ध्यात अडकतं, पाहुणे तिरके होऊन आत शिरतात आणि कारागिराला नावं ठेवतात. ठेवू देत. भाकरी ताटात पडली की मी मान वर करतो... कपाळापर्यंत नजर अजून पोचत नाही.