खांद्यावरचं फडकं

आमची आत्या नाकावर माशी बसू द्यायची नाही. घरामागच्या शेडमध्ये ती निलगिरीचं तेल काढायची. बंद टाकीत पानं ठासायची, खालून वाफ सोडायची. वाफ पानांतला वास घेऊन नळीत शिरते, गार पाण्यातल्या वेटोळ्यात निवते आणि बरणीत उतरते. खाली पाणी, वर तेलाचा पातळ थर. पोतंभर पानांतून जेमतेम वाटीभर तेल.

"म्हणजे डोक्याला लावायचं तेलच ना?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती भडकायची. "लावून बघ, कातडी सोलून निघेल! अर्क आहे तो. गुडघ्याला चोळायचा तर साध्या तेलात थोडे थेंब टाकून. पोटात अजिबात नाही. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर नेऊच नका, श्वास अडकतो." हे तिने लोकांना इतकं कानीकपाळी ओरडून सांगितलंय की तिच्या हाताखाली राबून मलाही पाठ झालंय.

पण वर्षानुवर्षं त्या वासात राहून तिला स्वतःला तो येईनासा झाला होता. मलाही. आम्ही त्यावर हसायचो.

त्या दिवशी तिच्या तान्ह्या नातीला सर्दी झाली होती. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलेलं, वहिनी, म्हणजे आत्याची सून, जेरीस आलेली. आत्या शेडमधून धावत आली, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि पोरीला खांद्यावर घेतलं. त्याच खांद्यावर बरण्या पुसायचं फडकं होतं, तेलाने चिंब. पोर गप्प झाली.

"बघ, आजीकडे कशी शांत झाली," आत्या म्हणाली.

वास वहिनीला आला, तोही दारातून. तिने पोर हिसकावली तेव्हा ती श्वासासाठी तडफडत होती.

दवाखान्यात पोर वाचली. वहिनी आत्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आत्याने शेडला कुलूप लावलं. अंग घासून घासून तिची कातडी फुटली. सारखी मला जवळ बोलवायची, "हुंगून बघ गं, येतो का?" मी नाही म्हणायचे, पण माझं नाक कुठल्या कामाचं? तिची कीव यायची आणि तितकाच रागही.

काल वहिनी पोरीला घेऊन आत्याच्या खोलीत आली. तिने आत्याचा खांदा हुंगला, केस हुंगले, तळहात हुंगले.

"नाही येत, आई. खरंच. घ्या तिला."

आत्याने हात पाठीमागे नेले. "तू म्हणतेस. मला कुठे कळतंय?"

"अहो, मी देतेय ना!"

"तेव्हाही मला काही वास आला नव्हता गं," आत्या म्हणाली.

पोर तिच्याकडे झेपावत रडायला लागली. आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि तिने हात काही पुढे केले नाहीत.