बिनाचा ग्लास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही — विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्ही कोण, मला माहीत नाही, हे बरंच आहे. ओळखीच्या माणसाला काही सांगायला लागलो की मी गोष्ट हळूच माझ्या बाजूला वळवतो. तशी सवयच आहे मला.

मी शिरूरला राहतो, सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्याने केलेल्या मालातली खोट शोधायची, पगार त्याचाच मिळतो. घरी एकच शौक — शेकर हलवून कॉकटेल बनवणं. हसा खुशाल. कंपनीच्या पार्टीत एका माणसाला ते करताना पाहिलं आणि मला वेड लागलं. आधी बायकोचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा वापरायचो, तिने बोंब मारल्यावर ऑनलाइन खरा शेकर मागवला. बर्फ, लिंबू, साखरेचा पाक, आल्याचा रस, डाळिंबाचा रस आणि घरात असेल ती बाटली. झाकण घट्ट दाबायचं, दोन्ही हातांत धरून खांद्यापाशी हलवायचं — बोटं बधिर होईपर्यंत, स्टील बाहेरून पांढरं पडेपर्यंत. मग चहाच्या गाळणीतून ग्लासात. वर गुलाबी फेस येतो. रविवारी दुपारी, जेवणाआधी, शेजारचे दोघे-तिघे जमायचे आणि मी बर्मुड्यावर मोठा साहेब व्हायचो.

सुदामदादाही यायचे. खालच्या मजल्यावर राहायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आमच्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचे, ठेकेदाराकडून, बारा वर्षं. मूळचे राहू गावचे. तिथे त्यांच्या भावाने थोडी डाळिंबं लावली होती, ती पिशवी भरून आणायचे आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून दाणे काढून द्यायचे. ते दारूला शिवत नसत. माझ्या पेल्याकडे मात्र कधी वाकडं बघितलं नाही त्यांनी. दारू नसलेल्याला मॉकटेल म्हणतात हे मी त्यांना चारदा शिकवलं, पण ते त्यांच्या जिभेवर बसेना. म्हणायचे, "भाऊ, माझं बिनाचं." पुढे आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो. एक बिनाचं, बाकीचे बाचे, म्हणजे बाटलीचे. तो आमचा ठरलेला विनोद होता.

मग अडचण काय होती? — अडचण मी होतो.

रविवारी सकाळी आमच्या वॉर्डातल्या विहारात वंदना असते. ती सुदामदादा घ्यायचे. पंचशील ते सांगायचे, आम्ही मागून म्हणायचो. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. तेही मी म्हणायचो, आणि तासाभराने घरी येऊन बर्फ फोडायचो. माझ्यासारखे अजून पाच-सहा असतील तिथे. कुणी कुणाला बोलत नाही. दादांनीही कधी एक शब्द काढला नाही. त्याचाच मला राग यायचा. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. आणि वर माझी बायको — घरी येताना एकदा म्हणाली, सुदामदादांच्या तोंडून शीलं ऐकली की खरी वाटतात. मी हसलो. पोटात मात्र दुखायला लागलं ते लागलंच.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या शेकरमध्ये व्होडकाचं एक झाकण टाकलं.

व्होडकाला म्हणावा असा वास नसतो. रस इतका हलवून गार केला की जिभेला नीट चव लागत नाही. घशाशी जे जळतं ते आल्यावर खपतं. आणि ज्याने जन्मात दारू चाखली नाही, तो ओळखणार कशी? दादांनी ग्लास संपवला, मिशी पुसली. "आज आलं लई लागलं भाऊ. पन भारी झालं." मी आत जाऊन सिंकपाशी तोंड दाबून हसलो. किती बरं वाटलं सांगू? शाळेत मार खाणाऱ्या पोराला मास्तर घसरून पडल्यावर वाटेल, तितकं बरं वाटलं.

पुढच्या रविवारी दोन झाकणं. त्याच्या पुढच्या रविवारी तीन. यात कुणी साथीदार नव्हता. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर निदान चेष्टा तरी म्हणता आली असती. मी एकट्यानेच ती मजा खाल्ली. त्यांचे कान लाल व्हायचे, ते मोठ्याने बोलायचे, आणि मी मान डोलवत आतून मोजमाप घ्यायचो — अजून किती चालेल.

तिसऱ्या ग्लासावर ते वडिलांबद्दल बोलले. कधी बोलत नसत. वडील हातभट्टीची प्यायचे. राहूच्या रस्त्याकडेला पडलेले असायचे, आणि शाळेतून येताना ते आपले नाहीत असं दाखवत दादा पुढे निघून जायचे. एक दिवस ते तसेच मेले, तेव्हाही दादा शेजारून निघून गेले होते. "तवापास्नं ठरवलं भाऊ. येक थेंबबी घ्यायचा न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असेल, नक्की आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी उठलो, त्यांचा ग्लास घेतला आणि पुन्हा भरून आणला. बाचा.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हलकट माणूस आहे. पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे. मघापासून तिथे यायचं टाळतोय.

आमच्या गेटवर फोर्कलिफ्ट आणि क्रेनवाल्यांना आत जाताना मशीनमध्ये फुंकर मारावी लागते. तोंडाला दारू असली की ते वाजतं. दादांनी बारा वर्षं फुंकर मारली, ते कधी वाजलं नाही. आणि रविवारी त्यांना सुट्टी असायची, म्हणून माझं फावत होतं. त्या रविवारी मात्र कंटेनर आला म्हणून त्यांना दुसऱ्या पाळीला बोलावलं. बाकीचे अजून यायचे होते. त्यांनी येऊनच सांगितलं — पावणेदोनची बस आहे, अर्धाच ग्लास द्या. दुसरीही एक गोष्ट सांगितली, हळू आवाजात. परमनंटच्या यादीत नाव आलं होतं. अजून बायकोला, कमलवहिनींनाही सांगितलं नव्हतं, कागद हातात आला की सांगणार होते. माझा हात हातात घेतला त्यांनी.

मला मशीन माहीत होतं. वेळ माहीत होती. ओट्यावर दोन रस तयार होते, त्यांचा साधा आणि आमचा दुसरा. मी विसरलो नाही, गडबडलो नाही, ग्लासांची अदलाबदल झाली नाही. मी बाटली उचलली आणि त्यांच्या रसात नेहमीपेक्षा जास्त ओतली. मग हलवत राहिलो, चांगला वेळ. फेस सुंदर आला होता.

का? — हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्न झिजून गेलाय. त्यांना एकदा पडलेलं बघायचं होतं. याहून मोठं कारण सापडत नाही. त्या अवस्थेत ते गाडीवर बसले असते, तिच्या पुढ्यात कुणी आलं असतं, हे तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

मशीन वाजलं. तीनदा फुंकायला लावलं, तीनदा वाजलं. त्यांनी सरबत प्यायल्याचं सांगितलं, आणि सिक्युरिटीवाले हसले. गेटपास काढून घेतला. दादा मात्र निर्धास्त होते, कारण त्यांच्याकडे साक्षीदार होता — मी. भाऊंना विचारा, ते सांगतील, मी बिनाचंच घेतो.

मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. दादा समोरच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे बघत. त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. मी म्हणालो, "सर, मी तर त्यांना बिनाचंच दिलं होतं. आता मी आत बर्फ आणायला गेलो, बाटली टेबलावर होती — तेवढ्यात काय झालं असेल ते मी कसं सांगू?" एवढंच. आवाजात काळजी घातली होती. साहेबांनी मान हलवली आणि यादीतल्या त्या नावावर पेनाने रेघ मारली.

विहारातल्या लोकांना कळायला दोन दिवस लागले. दादा स्वतःच वंदना घ्यायचे थांबले. लोकांनी मला घ्यायला सांगितली, मी आढेवेढे घेतले आणि मग हो म्हणालो. अजून मीच घेतो. माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणतात.

दोन महिन्यांनी त्यांनी खोली सोडली. वहिनींचं माहेर केडगाव, तिकडे गेले, कांद्याच्या आडतीवर गोण्या उचलायला. वहिनी रोज संध्याकाळी दारातच त्यांचं तोंड हुंगतात, असं माझी बायको सांगत होती.

जायच्या आधी एकदा ते वर आले. दुपार होती, मी एकटाच होतो. चप्पल बाहेर काढून खुर्चीच्या कडेला बसले. एकेक करून हाताची बोटं मोडली. मग म्हणाले, "भाऊ, तुमी बर्फ आणाया गेला, तवा मी खरंच घेतली आसंन का? मला काय बी आठवत न्हाई. पन मशीन खोटं कशाला बोलंल? आन् तुमी तरी कशाला बोलाल?"

बघा, किती सोपं होतं. त्यांनी दार पूर्ण उघडून दिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. कामावर परत घेतलं असतं की नाही, कुणास ठाऊक. पण निदान त्या माणसाला स्वतःबद्दल तरी कळलं असतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "घेतली असेल दादा. रक्तात असतं ते. वडिलांचं तुम्हीच सांगितलं होतं ना."

त्यांनी मान डोलावली. "आसंल," म्हणाले. "व्हय. तसंच आसंल." जयभीम घातला, सांभाळून घेतल्याबद्दल माझे दोनदा आभार मानले, आणि जिन्याचा कठडा धरून खाली गेले.

आता ते पितात. खरोखर पितात, केडगाव स्टेशनाबाहेर लोकांनी पाहिलंय. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मी लिंबं कापत होतो. ती म्हणाली, म्हणजे तेव्हाही प्यायलेच असणार, आणि आपण त्यांना किती मानत होतो. मी म्हणालो, हो ना.