उदगीरच्या पोरीचा नकार

माझा भाऊ गुरुपादप्पा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत चालवतो. कपाळावर विभूतीचे पट्टे, जिभेवर साखर, आणि शब्द दिला की दिला. त्याच्या नुसत्या शब्दावर मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या हलतात, हे खरं आहे. पण या शब्दापायी त्याने घरच्यांना किती छळलंय ते मला विचारा. कुणी काही मागायला आलं की हा ‘हाव’ म्हणून मोकळा, निस्तरायचं बाकीच्यांनी. मी थोरली बहीण, म्हणून हे त्याच्या तोंडावर बोलू शकते. बोलतेही.

त्याची लेक मंजुश्री मात्र निराळी निपजली. बारावीनंतर ती शिकायला नांदेडला माझ्याकडे आली. मी तेव्हा रेल्वेत होते, स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. कॉलेज सुटलं की पोरगी माझा डबा घेऊन यायची. गाडी रद्द झाली की लोक खिडकीवर तुटून पडायचे आणि मी वरच्या भोंग्याकडे बोट दाखवून ओरडायचे, “सांगून राहिलेत ना तिथं! कानात बोळे घातलेत का?” मंजुश्री तोवर बाहेर एखाद्या म्हातारीपाशी उकिडवी बसलेली असायची. गाडी येणार नाही हे तिला आधी सांगायची, कारण मग, आणि आता काय करता येईल ते सगळ्यात शेवटी. म्हणायची, “आत्या, भोंग्यावरचं कुणाला खरंच वाटत न्हाई. जवळ जाऊन सांगितलं की पटतं.” मला असा राग यायचा तिचा!

पुढे पर्यटनाचा कोर्स करून ती समुद्रावर फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर नोकरीला लागली. बोट कसली, मजल्यावर मजले चढवलेलं हॉटेलच ते. मुंबईहून निघायचं, गोवा, कोची, लक्षद्वीप करून परत यायचं. जिथे बोट थांबेल तिथे प्रवाशांना उतरवून गाव-किनारा दाखवायचा आणि सगळ्यांना सुखरूप वर आणायचं, हे तिचं काम. हवा बिघडली की सहल रद्द झाल्याचं सांगायचं आणि चिडलेल्या माणसांची तोंडं सांभाळायची, हेही तिचंच. पैसे भरून आलेला माणूस रागावला की काय काय बोलतो, ते मी खिडकीत बसून पुष्कळ ऐकलंय. ही पोरगी ते हसतमुखाने ऐकून घेते.

नोकरी लागली तेव्हा भावकीने नाकं मुरडली. ‘पोरीला पाण्यावर धाडली’ म्हणून गुरुपादप्पाने माझ्याशी अबोला धरला. मग तिचा पांढऱ्याशुभ्र गणवेशातला फोटो आला. तो त्याने अडतीच्या गादीवर, थेट बसवेश्वरांच्या शेजारी लावला आणि स्वतःच मला फोन केला. तेव्हापासून मोंढ्यात दुसरा विषय नाही.

यंदा तुरीची आवक ओसरली आणि त्याने नेहमीप्रमाणे शब्द दिला. “बोट म्हणजे आपल्या घरचीच समजा. पोरगी आत हाय. समद्यांला बेटावर उतरवून आणतो.” झालं! किराणावाले मल्लिनाथ, अमृतराव, त्यांच्या बायका, असा अख्खा जथा तयार झाला. धपाट्यांचे डबे, शेंगाच्या पोळ्या, ठेच्याच्या बरण्या. त्यात मीही होते.

निघण्याआधी मंजुश्रीचा मला फोन आला. “आत्या, या फेरीनंतर आमच्या विभागाची प्रमुख मला करायची का न्हाई, ते ठरणार हाय. घरची माणसं असताना मी काम कसं करते, तेच साहेब बघणार हायेत. तेवढं अप्पाला सांग.” मी सांगितलं. त्याने ऐकलं, असं मला वाटलं.

लक्षद्वीपला पोचलो त्या सकाळी लख्ख ऊन होतं. समोर बेट, नारळाची झाडं, पांढरी वाळू. आमची मंडळी टोप्या घालून नाश्त्याला बसली होती. मोठी बोट बेटाला लागत नाही, लहान होड्यांतून जावं लागतं. भोंगा वाजायच्या आधीच मंजुश्री आमच्या टेबलापाशी आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, “आज बेटावर जाता येणार न्हाई. लांब कुठंतरी वादळ झालंय, त्याच्या लाटा इथवर आल्यात. होड्या लागत न्हाईत.”

सगळे आधी हसले. मल्लिनाथांनी खिडकीतून वर बघितलं. “ढग कुठाय, पोरी? एक टिपूस तरी हाय का?” आम्हा मराठवाड्याच्या माणसांना खराब हवा म्हणजे काळं आभाळ नाहीतर गारा. ऊन पडलंय म्हणजे हवा चांगली, हे आम्ही जन्मापासून धरून चाललेलो. मीसुद्धा मनात म्हटलं, काहीतरी लबाडी आहे.

गुरुपादप्पा मिशीत हसला. “थांबा, मी बघतो,” म्हणत तिला बाजूला घेतलं, पण त्याची बाजूला घेण्याची भाषासुद्धा मोंढ्याची, सगळ्यांना ऐकू जाणारी. “बाकीच्यांचं राहू दे. आपल्यापुरती एक होडी सोडाय सांग. घरची माणसं हायेत.”

“अप्पा, न्हाई जमणार.”

“मी शब्द दिलाय.”

“मला ठाऊक हाय. तरीबी न्हाई.”

त्याच्या उभ्या आयुष्यात चारचौघांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. चेहरा लाल झाला. मागून मल्लिनाथ ओरडले, “चला रे, बसा खाली!” आणि बघता बघता आमची मंडळी बाहेर पडायच्या दाराशी मांडीला मांडी लावून बसली. भर समुद्रात ठिय्या! अमृतराव घोषणा देऊ लागले, गोऱ्या बायका फोटो काढू लागल्या. आणि त्या ठिय्याच्या मधोमध पुढारी कोण, तर माझा भाऊ. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिथे धरणी कुठली.

तिचा साहेब आला. त्याने विचारलं, सुरक्षारक्षक बोलावू का? मंजुश्री म्हणाली, “माझी माणसं हायेत, सर. मला बोलू द्या.” तो हाताची घडी घालून भिंतीला टेकला. एकदा वाटलं, आता ही रडेल, नाहीतर बापासाठी एक होडी सोडायला लावेल. दोन्हीपैकी काहीही केलं असतं तर तिची बढती बुडालीच असती.

ती बापासमोर उकिडवी बसली. “अप्पा, माझ्यासंग चला. आत्या, तूबी ये.”

तिने आम्हाला कठड्यापाशी नेलं. खाली बोटीचे खलाशी लहान होडी लावता येते का ते बघत होते. वरून समुद्र शांत दिसत होता, पण ती होडी पुरुषभर वर यायची आणि तेवढीच खाली जायची. शिडीवर पाय टाकायला उभा असलेला तरणाताठा खलाशी पाय उचलायचा आणि मागे घ्यायचा. शेवटी वरून कुणीतरी हाक मारली आणि तो मागे सरकला.

“इथं हवा आभाळात बघायची नसती,” मंजुश्री म्हणाली. “पाण्यात बघायची.”

गुरुपादप्पाने कठड्यावरून वाकून खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, “लोकांला काय तोंड दावू? माझ्यासाठीबी न्हाई का, बाळा?”

“तुमच्यासाठी तर मुळीच न्हाई. ह्या शिडीवर आत्याला उभी करता का, सांगा.”

त्याने माझ्याकडे बघितलं. माझे दुखरे गुडघे त्याला ठाऊक आहेत. आणि मला तेव्हा दिसलं, की हट्ट दोघांचा एकच आहे. खाण तशी माती. फक्त बापाचा हट्ट ‘हो’ला चिकटलेला आणि लेकीचा ‘नाही’ला. या पोरीला मी दोन वेळचं वाढलंय, या विचाराने माझा ऊर भरून आला. त्याहून मोठं सुख मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आम्ही परत आलो. ठिय्या चालूच होता. गुरुपादप्पा मधोमध उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली.

“उठा समदे. जायचं न्हाई.”

“अन् तुमचा शब्द?” मल्लिनाथांनी विचारलं. मोंढ्यातल्या माणसाला याहून बोचरा प्रश्न नाही.

“माझा शब्द मी मागं घेतला,” गुरुपादप्पा म्हणाला. “मी न बघता दिला होता. पोरीनं बघून दिलाय. तिचा चालंल.”

आधी अमृतराव उठले, मग एकेक करून बाकीचे. भिंतीपाशी उभा असलेला साहेब मान डोलावून निघून गेला. महिन्याभरात मंजुश्री त्या विभागाची प्रमुख झाली.

पण त्या वेळी तिथे कुणाला बढतीची आठवण नव्हती. दार मोकळं झालं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना काय करायचं ते सांगत आलेला माझा भाऊ टोपी हातातच धरून लेकीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “आता आम्ही काय करावं? तू सांग.”