‘मेक अप’चे अर्थ
पावडरचा वास आला की नव्वदच्या दशकातला, सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या मराठी शाळेतला इंग्रजीचा तास आठवतो. बाईंनी ‘मेक अप’चा अर्थ विचारला आणि मी घाईने म्हणाले, “पावडर-लाली लावणं.” शेजारी बसलेली माझी मैत्रीण उठली. “बाई, भांडण मिटवणं, बुडालेला अभ्यास भरून काढणं, खोटं रचून सांगणं, हेही अर्थ आहेत.” बाईंनी तिची पाठ थोपटली, मी आतून जळाले. संध्याकाळी यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात, कामावर असलेल्या तिच्या आईला गाठून मी म्हणाले, “मावशी, ही रोज शाळेबाहेर पोरांशी बोलत उभी राहते.” तसं काहीच नव्हतं. मला वाटलं, दोन धपाटे बसतील. मावशीने तिला शाळेतूनच काढलं. त्या वर्षी पहिली मी आले. ते प्रगतिपुस्तक माझ्या मुलांना मी अजून दाखवलेलं नाही.