लंकाबाईचे काचेतले झिंगे

चांदेवाडीच्या बुधवारच्या बाजारात झिंग्यांची पाटी घेऊन बसणाऱ्या चौघीजणी होत्या, पण गिऱ्हाईक आधी लंकाबाईची पाटी शोधायचं. तिचा झिंगा दिवस मावळेपर्यंत जित्ता असायचा. पाटीत हात घातला की टणटण उड्या मारायचा, आणि बाया लुगड्याचा पदर सावरत मागं सरायच्या. "लंके, अगं हे शिजवायचे का पाळायचे?" असं कुणी म्हटलं की लंकाबाई ऐटीत म्हणायची, "मेलेला इकायला मी काय मसनवट्यात बसले व्हय?"

तिचं खरंही होतं. चौदाव्या वर्षी ती भोयांच्या घरात सून म्हणून आली आणि प्रवरेत उतरली, ती पुन्हा वर आलीच नाही म्हणा ना! नवरा खोकल्याच्या दुखण्यात लवकर गेला. पदरात दोन मुली. जुन्या लुगड्याची झोळी करायची, काठच्या गवताखालून ओढायची, निघालेले झिंगे ओल्या शेवाळात थर देऊन पाटीत ठेवायचे. उरले तर घरच्या मातीच्या डेऱ्यात सोडायचे. ह्या एवढ्या हुन्नरावर तिनं दोन्ही मुली उजवल्या. देवानं तिला शेत दिलं नाही, शाळा दिली नाही. हातात जीव राखायची कळा मात्र दिली.

सत्त्याण्णव सालच्या वैशाखात सोपान गुरुजींनी तिला वाचनालयात बोलावलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते आणि वाचनालय सांभाळत होते. त्यांनी नगरहून काचेची मोठी पेटी आणून खिडकीजवळ मांडली होती. आधी तिच्यात रंगीत मासे सोडले, ते पंधरवड्यात गेले. मग गुरुजींच्या मनानं घेतलं की परके जीव कशाला, आपल्याच नदीतलं आपल्या पोरांना दिसू द्यावं.

"लंकाबाई, झिंगे द्याल का? पण शिजवायला नाही हां, जगवायला."

लंकाबाई खळखळून हसली. "गुरुजी, जलम गेला मारन्यात. आता म्हातारपनी पुण्य करायला लावता व्हय?"

हसली खरी, पण दुसऱ्याच दिवशी निवडून निवडून तीस झिंगे घेऊन आली. काचेसारखे आरपार, मिशा लांब, डोळे मोहरीएवढे. पोरांनी काचेला नाकं लावली. गुरुजींचा चेहरा तर पेढे वाटल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीसच्या तीस तळाशी पडले होते, उकडल्यासारखे पांढुरके.

तिनं पुन्हा आणले. पाणी सगळं बदललं, तळाशी नदीची वाळू घातली, शेवाळ सोडलं. ते दोन दिवस टिकले आणि गेले.

आता गावाला विषय मिळाला. सूर्यभानचं सायकलचं दुकान वाचनालयाच्या समोर. शिवाय तो कबड्डी मंडळाचा म्होरक्या. तो बाजाराच्या दिवशी मोठ्यानं ओरडला, "मावशे, बाजारात जित्ता आन् काचेत मेला! का शिळंपाकं खपवलंस गुरुजींना?"

लोक हसले. लंकाबाई हसली नाही. त्या बुधवारी एका जुन्या गिऱ्हाइकानं पाटीतला झिंगा दोनदा उलटापालटा करून पाहिला, दोनदा वास घेतला. तीस वर्षांत तिचा माल कुणी असा तपासला नव्हता.

वाचनालयाच्या बैठकीत सूर्यभाननं मागणी केली. "पेटी आमच्या कबड्डीत जिंकलेल्या ढालींना द्या. ढाली तरी मरायच्या न्हाईत."

दाराशी उभी असलेली लंकाबाई आत आली. "दसऱ्यापातूर थांबा. तवर जगले न्हाईत तर पेटी न्या, आन् मी बी बाजारात पाटी मांडायची न्हाई. इथं सगळ्यांम्होरं सांगते."

महिला मंडळाच्या अध्यक्ष केशरकाकू म्हणाल्या, "लंके, असं तोंडातून काढू नये गं. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हनू द्या काकू. बोलले ते बोलले."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिनं तिसरी खेप आणली. ह्या वेळी फक्त बारा. आणि आणून घरी गेली नाही. गुरुजींना सांगून रात्रीही पेटीसमोर पोतं टाकून बसली. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: तीच नदी, तेच पाणी, तोच हात. मग घरच्या डेऱ्यात दोन-दोन महिने जगतात ते इथं का मरतात? काहीतरी इथंच घडतंय, आणि आपण नसताना घडतंय.

मंगळवारी सकाळी आठला, वाचनालय उघडायच्या आधी, केशरकाकू आल्या. वाचनालयाची एक किल्ली महिला मंडळासाठी त्यांच्याकडं असायची. दत्ताच्या देवळातून परस्पर आलेल्या, कपाळाला ओलं गंध, कडेवर तांब्याचा हंडा. हंडा असा लखलखीत की तोंड बघावं. चिंच लावून घासलेला. पेटीपाशी येऊन त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि हंडा हळूहळू पेटीत ओतला.

"काकू, तुमी रोज घालता?"

काकू दचकल्या. "तू होय! रोज नाही गं, एक दिवसाआड. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी, देवाच्या आंघोळीला घेते तेच. मुक्या जिवांची तेवढीच सेवा. सेवेचा गवगवा करू नये म्हणून बोलले नाही कुणाला."

लंकाबाईचं लक्ष काकूंकडं नव्हतंच. पेटीतले झिंगे बिथरले होते. एकेक मागं मागं झटके देत काचेवर आपटत होता. दोघं तर पाण्याबाहेर पडायला बघत होते. तिनं पुढचामागचा विचार केला नाही. झोळी घातली आणि एकेकाला उचलून डेऱ्यातून आणलेल्या पाण्याच्या मडक्यात टाकलं. बारातले तीन तरीही गेले. नऊ राहिले.

"अगं अगं, काय चाललंय तुझं?"

लंकाबाईनं कपाळाचा घाम पुसला. कसं सांगावं? हिच्या अंगणात आपण उभ्यानं झिंगे विकले, उंबऱ्याच्या आत कधी गेलो नाही. आणि हिच्या देवाच्या पाण्याला नाव ठेवायचं? पण न सांगावं तर नऊही जातील.

"काकू, तुमचं पानी त्यांना सोसंना."

केशरकाकूंचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या पाण्याचा विटाळ होतो तुझ्या झिंग्यांना?"

"विटाळ न्हाई काकू. तुमचा भाव सोन्यावानी हाय. पन माझी सासू म्हनायची, झिंगा कधी तांब्या-पितळंच्या भांड्यात घालू नको, रुसतो. मला वाटायचं, म्हातारीचं कायतरी येड. आज डोळ्यानं बघितलं. तुमाला पटत नसंल तर दोन वाट्या घ्या."

दोन वाट्या आल्या, चिनी मातीच्या. एकीत हंड्याच्या तळाशी उरलेलं पाणी, दुसरीत डेऱ्यातलं. प्रत्येकीत एक झिंगा. केशरकाकू जपमाळ घेऊन समोर बसल्या. दत्ताचं नाव तोंडात आणि नजर वाटीत. दहा वाजले, वाचनालय उघडलं, गुरुजी आले. कुणाला काय चाललंय कळेना. अकराच्या सुमारास हंड्याच्या वाटीतला झिंगा कलला. पाय वर करून हलू लागला. शेजारच्या वाटीतला खुशाल मिशा साफ करत होता.

काकूंची माळ थांबली. "काढ! काढ गं त्याला, लंके!"

लंकाबाईनं काढला, पण उशीर झाला होता.

गुरुजींनी खुलासा केला. तांबं माणसाला मानवतं, ह्या जिवाला त्याचा कण सोसत नाही; त्यात चिंचेनं घासल्यावर तर ते पाण्यात जास्तच उतरतं. काकू ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या वाटीकडं बघत एवढंच म्हणाल्या, "चातुर्मासात मी कांदासुद्धा चिरत नाही. आणि माझ्या हातानं साठसत्तर जीव गेले."

"न कळता गेले काकू. देवाला कळतंय. मी तर कळून सवरून इकते, मला कुठं ठिवंल तो?"

केशरकाकूंना रडता रडता हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कुंभाराकडून मोठा माठ घेऊन आल्या आणि पेटीशेजारी ठेवला. "आता तू सांगशील तसं. पाणी मीच भरणार, पण तू बघितल्याबिगर एक थेंब आत जाणार नाही."

पेटी उपसून, धुऊन माठाच्या पाण्यानं भरली आणि उरलेले आठ झिंगे तिच्यात सोडले. लंकाबाई रोज नदीवरून आली की ओल्या लुगड्यानिशी आधी पेटीकडं यायची. भाकरीचा चुरा टाकणाऱ्या पोरांच्या हातावर चापट द्यायची: "ऱ्हाऊ दे! पानी आंबतंय." शिजवलेल्या पालकाचं एखादं पान सोडायची, उरलेलं संध्याकाळी काढायची.

भाद्रपदात एका सकाळी सूर्यभान चार जणांना घेऊन आला. "या, बघा! मेलाय का न्हाई?" तळाशी मिशांसकट, पायांसकट एक झिंगा पांढरा पडला होता.

लंकाबाईनं हात घालून तो उचलला आणि सूर्यभानच्या तळहातावर ठेवला. वजनच नव्हतं. आत काहीच नव्हतं.

"कात हाय ती. साप टाकतो का न्हाई, तशी. धनी बसलाय बघ दगडाखाली, अंग कवळं हाय म्हनून लाजतोय. दे ती कात माघारी, आत टाकते. तीच खाईल त्यो."

"सोताचीच कात खातो?"

"मग! तुझ्यासारखी दुसऱ्याची सालटी काढत न्हाई."

त्या दिवशी हसणारे तेच होते, पण हसणं दुसरीकडं वळलं होतं.

नवरात्र बसलं त्या दिवशी एका मादीच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसली, खसखशीच्या घोसासारखी. लंकाबाईनं कुणाला सांगितलं नाही. फक्त केशरकाकूंच्या कानात सांगितलं. काकूंनी बाळंतिणीच्या खोलीचा नियमच लावून दिला. मोठ्यानं बोलायचं नाही, काच वाजवायची नाही. नऊ दिवस त्यांचा उपास होता आणि नऊ दिवस त्या पाटावर बसून त्या मादीला बघत होत्या.

दसऱ्याच्या सकाळी गाव सोनं लुटायला निघालं, पण आधी वाचनालयात शिरलं. पेटीत शेवाळाच्या टोकांना केसाएवढी पिल्लं लटकली होती. नुसते डोळे दिसत होते, बाकी सगळं पाणी. गुरुजींनी दोनदा चष्मा पुसला. लंकाबाई पेटीच्या बाजूला उभी होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. एकेकाला पुढं सोडत होती. रांगेत सूर्यभानही होता. पुढं येऊन त्यानं काचेवर पंजा टेकला.

"हात काढ."

त्यानं निमूट हात काढला आणि मागं बांधला. मग वाकून, एक डोळा मिटून बघत राहिला. "मावशे, किती हायेत गं?"

"मोज की. नजर हाय ना?"

सूर्यभान ओठ हलवत मोजू लागला. सतरावर चुकला, पुन्हा सुरुवात केली, एकोणिसावर अडकला. मागची रांग कुरकुरू लागली.

"तेवीस," लंकाबाई म्हणाली. "चार त्या दगडामागं हायेत. ती तुला दिसायची न्हाईत."