फिटू न दिलेला उपकार

सुदाम वाघमारे गेला हे मला त्याच्या जागी आलेल्या नव्या ड्रायव्हरने सांगितलं, तेही पनीरचे खोके उतरवता उतरवता. "मामा गेले ना, साहेब. गुरुवारी. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंत पण नाय पोचले." मी थर्मामीटर खोक्यात खुपसलेला होता. आकडा बघितला, चलनावर शिक्का मारला, सही केली. गाडी बाळकुम नाक्याकडे वळल्यावर मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मला संताप आला. सुटला लेकाचा, असं मी मोठ्याने म्हणालो... भटारखान्यातला एक जण वळून बघायला लागला. याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे आणि मीही चांगलंच बोलणार आहे, कारण वाईट बोलायला त्याने मला जागाच ठेवलेली नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मी ठाण्यात बाळकुमच्या एका मोठ्या हॉटेलात स्टोअर सांभाळतो. खाली रेस्टॉरंट, वर लग्नकार्यांचा हॉल. पनीर, लोणी, चिकन, गोठवलेले मटार, तेलाचे डबे, मैद्याच्या गोण्या, हे सगळं एकाच पुरवठादाराकडून येतं. त्याचं गोदाम भिवंडीकडे आहे आणि तिथून आमच्याकडे येणारी थंड गाडी अकरा वर्षं वाघमारे चालवत होता. राहायला कल्याणजवळ मोहन्याला, बाप तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला होता. मी डोंबिवलीचा केळकर, तीन पिढ्या तिथेच. पहिल्याच दिवशी माल उतरवून झाल्यावर तो दाराजवळच्या माझ्या खुर्चीत बसला. बुटात खडा गेला होता, तो काढायला. मी म्हणालो, उठ रे, ही तुझी बसायची जागा नाही. तो उठला. मी फडकं घेतलं आणि खुर्ची पुसली. त्याच्या पँटला मैदा लागला होता म्हणून पुसली, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण चलनावरचं त्याचं आडनाव मी त्याआधी वाचलं होतं. आणि मैद्याने पांढरी झालेली माणसं त्या खुर्चीत एरवीही बसायची, तेव्हा मी कधी फडकं शोधल्याचं मला आठवत नाही. वाघमारेने चलन घडी करून खिशात घातलं आणि गेला.

गाडीत माल भरायचा एक साधा नियम असतो. ज्याचं दार शेवटी त्याचा माल आधी भरायचा, अगदी आत, पुढच्या भिंतीला टेकवून. ज्याचं दार पहिलं, त्याचा शेवटी. भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडला की पहिलं मोठं दार आमचं, म्हणून आमचा माल सकाळी सातला यायचा. खुर्ची पुसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो साडेअकराला यायला लागला. आधी कल्याण, मग डोंबिवली, मग दिवा, आणि सगळ्यांचं झालं की आम्ही. साडेअकराला आमची दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होते. शेफ माझ्या नावाने शंख करायचा. मी त्यांच्या सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणाला, ठाण्यात सकाळी मालवाहू गाड्यांना बंदीची वेळ असते, वाघमारेने तसं लेखी दिलंय. बंदी खरीच होती. त्याआधीचा ड्रायव्हर ती चुकवून यायचा इतकंच.

मग मीही कंबर कसली. आधी एका खोक्यात थर्मामीटर घालायचो, आता प्रत्येक खोक्यात घालायला लागलो. तो उन्हात उभा, मी सावकाश आकडे लिहितोय. लॉन्ड्रीची गाडी आली की त्याला अर्ध्यावर गाडी काढायला लावायची. शेवटी मी दारावर पाटी लावली, ड्रायव्हरांनी आत येऊ नये. वाघमारेने ती पाटी शांतपणे मोठ्याने वाचली, "बरोबर आहे साहेब," म्हणाला, आणि त्या दिवशीचे सगळे डबे, सगळ्या गोण्या उंबऱ्याला अगदी चिकटवून बाहेर रचून ठेवल्या. एक इंचसुद्धा आत नाही. माझी दोन माणसं दुपारपर्यंत ते आत ओढत होती. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला कायम अहो-जाहो. ते आदराने नव्हतं हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

परवा नव्या ड्रायव्हरने मला विचारलं की या लाइनीत काय काय असतं. आधी तो शाळेची बस चालवायचा. मी त्याला सगळं सांगितलं आणि सांगताना लक्षात आलं की हे मी वाघमारेकडे बघून शिकलोय, त्याला कुठे पकडता येईल ते शोधता शोधता. गाडी चालवणं हा यातला सोपा भाग. पहाटे चारला गोदामात जाऊन आपली गाडी आपण भरायची, कारण दुसऱ्याने भरलेला माल ऐनवेळी सापडत नाही. बाहेर मे महिना आणि गाडीच्या आत बर्फ. दिवसभर त्या दोन्हींत ये-जा केली की गुडघे धरतात. माजिवड्याला अडकलं की चार स्वयंपाकघरांचे चार फोन, आणि चौघांनाही पोचतोच म्हणायचं. दिव्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही, तिथे डबा खांद्यावरून. हॉटेलांची मागची दारं तेलकट असतात. तिथे घसरून पडलात तर आधी डबा फुटला का ते बघतात. वॉचमन संडास वापरू देत नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, मग मुतखडा होतो. स्वतःचं जेवण तीननंतर, सीटवर डबा उघडून. आणि प्रत्येक फेरीत एक तरी स्टोअरकीपर असा भेटतोच, ज्याला तुम्ही नुसते समोर उभे राहिलात तरी राग येतो. हे शेवटचं मी त्याला सांगितलं नाही. त्याने ते ओळखलं असावं.

आता ती चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ती मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. संध्याकाळी हॉलमध्ये मोठा साखरपुडा होता आणि वाघमारे एक वाजला तरी आला नव्हता. आला तेव्हा मी सुपरवायझरला फोनवर झाडत होतो. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने चलनावर शिक्का मारला, सही ठोकली. थर्मामीटर खिशातच राहिला. इतकी वर्षं प्रत्येक खोका तपासणारा मी, ज्या दिवशी तपासायला हवं होतं त्याच दिवशी रागाच्या भरात तपासायचं विसरलो. शेवटचा चिकनचा खोका उतरवताना वाघमारे थांबला. त्याने खोक्यावर तळहात ठेवला. मग आधीचे उघडले, वास घेतला. शीळ रोडवर कुठेतरी गाडीचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि केबिनमधला तापमानाचा काटा मात्र जागेवरच अडकून राहिला होता.

"साहेब, फोन ठेवा," तो म्हणाला. "सही तुमची झालीय. पण हा माल मी हितं ठेवणार नाय. हात लावून बघा."

मी हात लावला. जो खोका दगडासारखा लागायला हवा तो नुसता ओला होता. सही झाल्यावर माल माझा. तो तसाच निघून गेला असता तर त्या संध्याकाळी किती माणसं आडवी झाली असती आणि मी कुठे असतो, याचा हिशेब मला उभ्या उभ्या लागला. वाघमारेने चलन माझ्यासमोर धरलं आणि माझ्या सहीच्या वर 'तपासून नाकारला' असं मला लिहायला लावलं. मग सगळे खोके एकट्याने परत गाडीत चढवले. मी धावपळ करून ठाण्याच्या बाजारातून ताजं चिकन आणवलं, साखरपुडा पार पडला. गोदामात त्याने सांगितलं की माल मीच उशिरा आणला, काट्यावर विसंबून राहिलो, केळकर साहेबांनी तपासून परत पाठवला. त्याला आठ दिवस घरी बसवलं. आणि आमच्या मालकांनी सगळ्या स्टाफसमोर माझी पाठ थोपटली, की डोळ्यांत तेल घालून काम कसं करावं ते केळकरांकडून शिका. टाळ्या वाजल्या. मी हसत उभा होतो.

नवव्या दिवशी तो आला. मी दारात वाट बघत होतो. पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो, वाघमारे, तुमचे आभार कसे मानू... त्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"आभार नकोत. पहिल्या दिवशी तुम्ही खुर्ची पुसलेली. आता हे पुसून दाखवा."

इतकंच बोलला आणि डबे उतरवायला लागला. पाहुण्यांच्या पोटात ते चिकन जाऊ नये म्हणून त्याने ते परत नेलं असणार, एवढं मलाही कळतं. पण गोदामातलं ते खोटं? त्याची पाहुण्यांना काही गरज नव्हती. ते खास माझ्यासाठी होतं. माणसाने शिवी दिली तर उलटी शिवी देता येते, तक्रार केली तर तक्रार करता येते. याने मला वाचवलं आणि हात झटकले, आता बस जन्मभर.

तेव्हापासून माझा एकच ध्यास होता, याची परतफेड करायची आणि मोकळं व्हायचं. त्याला माझ्या हातून एकदा वाचवायचं आणि मग वर असंच एखादं वाक्य त्याच्या तोंडावर टाकायचं. वाक्य मी तयार करून ठेवलं होतं, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. पाटी काढून टाकली. तो तरीही उंबऱ्यापर्यंतच येत राहिला. दिवाळीला मिठाईचा डबा दिला, तो वजनकाट्यावर ठेवून गेला. त्याच्या सुपरवायझरला फोन करून त्याची स्तुती केली, तर दुसऱ्या दिवशी म्हणाला, माझ्या साहेबाला फोन करू नका, माझं काय अडलेलं नाय. एकदा आमच्या फाटकाशी एक स्कूटरवाला येऊन त्याच्या गाडीला धडकला. मला वाटलं, आली वेळ! साक्षीदार म्हणून धावत गेलो. तोवर स्कूटरवाल्याने स्वतःच चूक कबूल करून माफी मागितली होती आणि वाघमारे त्याच्या ढोपराला पट्टी बांधत होता. त्या रात्री मी जेवलो नाही. इतका सरळ वागणारा माणूस म्हणजे शेजाऱ्याला शाप असतो.

आणि मग तो गेला. पंधरा दिवस मी चडफडत काढले. मग नव्या ड्रायव्हरकडून कळलं की मामांच्या मुलीने, प्रज्ञाने, हॉटेल मॅनेजमेंट केलंय आणि ती काम शोधतेय. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ठाण्यातल्या तीन हॉटेलांत माझा शब्द चालतो. आता नाही म्हणायला वाघमारे नव्हता. रविवारी मी मोहन्याला गेलो, सांत्वनाला जातो त्या चेहऱ्याने, पण मनात मात्र, घे आता, फिटलं तुझं, असंच चाललं होतं.

चाळीतल्या दोन खोल्या. बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो होता, त्यातही तो कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखाच बघत होता. त्याच्या पत्नीने मला आत बोलावलं, पंखा लावला. मुलगी ओट्याशी उभी होती. मी आपलं नाव सांगितलं तशा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी प्रज्ञाच्या नोकरीचा विषय काढला. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल, बाकी माझ्यावर सोड, असं म्हणालो.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते बोलून ठेवलेले," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी पहिला झटका आलेला ना, तेव्हा. म्हणाले, केळकर साहेब येतील. पोरीचं काम नायतर अजून काय घेऊन येतील. घ्यायचं नाय. चहा द्यायचा फक्त."

पहिला झटका. त्यानंतरचं एक वर्ष तो माझ्या दारात गोण्या उतरवत होता आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणालो, वहिनी, अहो मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, यात तुमचा-माझा मान कशाला आणता. तेव्हा प्रज्ञा पहिल्यांदा बोलली. "काका, मला मिळेल. बाबांनी मला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आवाजात राग औषधालाही नव्हता. असता तर मी तेवढ्यावर जगलो असतो.

आमचे मालक वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. वाचू देत. पाठीवरची थाप त्यांनी परत घ्यावी, टाळ्याही घ्याव्यात. वाघमारेच्या खोट्यावर उभं राहून मी चार वर्षं नोकरी केली, हे छापून यावं म्हणूनच मी लिहायला बसलो. निदान त्याचं खोटं तरी मला मोडता येतं. एवढ्याने उपकार फिटेल असा माझा समज नाही, त्या घरातून बाहेर पडताना तो समज संपला.

कारण प्रज्ञाने चहा आणला. मी कप तोंडाला लावला आणि तिच्याकडे बघितलं. "साखर नाय टाकली," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला चालत नाय ना. त्यांनीच सांगितलेलं." मला मधुमेह आहे हे मी हॉटेलात कुणालाच सांगितलेलं नाही, वाघमारेला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. मी त्याच्या चुका शोधत होतो तेवढीच वर्षं तो उंबऱ्याबाहेरून मला न्याहाळत होता. मी सगळा चहा संपवला. दुसरं काही करण्यासारखं त्याने माझ्यासाठी ठेवलंच नव्हतं.