कंपनीतून आली तश्शी!

गॅरेजवाल्याच्या कपड्यांना ऑइल आणि डोक्याला किस्से, दोन्ही चिकटतात. ऑइल रॉकेलनं निघतं, किस्से निघत नाहीत. नारायणगावात इतकी वर्षं गॅरेज चालवलं, पण एका गाडीनं मला जेवढे दिले, तेवढे बाकीच्या सगळ्यांनी मिळून दिले नसतील.

नव्वदनंतरची गोष्ट. राजुरीचे दादा, ऐंशीच्या घरातले बागायतदार, आपली जुनी विलायती मोटार ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. आत कोंबड्यांनी अंडी घातलेली!

मी म्हटलं, "दादा, डिझेलचं इंजिन टाकू, फोमची सीटं करू. मस्त पळेल."

"न्हाई मिस्त्री. कंपनीतून आली तश्शी पायजे. स्क्रूसुदिक! आमच्या मंडळींचा दमा वाढत चाललाय. तिला एकदा तीच गाडी दाखवायचीय, पहिल्या दिवसाची. हातात वेळ थोडा हाय. आन् तिची नजर लई बारीक, फसवायला जाऊ नको!"

असं म्हटल्यावर मागं सरेल तो मिस्त्री कसला? घेतली अंगावर.

•

पहिलं रडगाणं रंगाचं. डॅशबोर्डच्या खाली मूळ हिरवा नखाएवढा शिल्लक होता. पेंटरनं तीनदा रंग कालवला, तीनदा हुकला. कापडवाले कांतीशेठ स्कूटर न्यायला आले होते, ते वाकून बघायला लागले. "भाऊ, हा बॉटल ग्रीन न्हाई आन् मेंदीबी न्हाई. थांबा!"

दुकानातून ब्लाउजपीसचा गठ्ठाच घेऊन आले. एकेक पीस लावत गेले आणि एक तंतोतंत जुळला! तो घेऊन मी पुण्यात रंगाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं पीस बघितला, मग मला बघितलं.

"फॉल-पिको पलीकडच्या गल्लीत!"

•

जुन्या सीटांमध्ये घोड्याचे केस भरलेले होते. म्हणजे आता घोडा आला! मंचरला एक वरातीचे घोडेवाले होते, त्यांच्याकडे शेपटीचे केस मागितले.

"ऐन लग्नसराईत? भुंड्या घोड्यावर नवरदेव बसंल का, राव?"

"मग कधी येऊ?"

"आषाढात या. तवा घोड्यालाबी काम नसतं आन् नवरदेवालाबी!"

तोवर बाईंना, म्हणजे दादांच्या मंडळींना, दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दादा मात्र म्हणाले, "ती थांबल. तू घोड्याचंच भर." भरले!

•

स्टेपनीची मूळ डिस्क कुठं गेली होती माहितीय? निमगाव सावाकडच्या एका शाळेत! झाडाला टांगून तिची घंटा केलेली. मी ट्रकची डिस्क बदल्यात घेऊन गेलो आणि हेडमास्तरांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. त्यांनी घड्याळ बघितलं.

"न्या की. पण शाळा सुटल्यावर. त्याआधी नेली तर सुटणार कशी?"

•

रंग झाला, आरशासारखी चमकायला लागली. सकाळी बघतो तर मागं पिवळ्या अक्षरात 'कुलस्वामी प्रसन्न', दोन बाजूंना दोन कमळं! पेंटरला धरलं. जन्मभर टेम्पो रंगवलेला माणूस तो.

"हे कंपनीत काढतात का रे?"

"कंपनीत कसले लोक असतील कुणाला म्हाईत! मला मोकळी पाठ बघवंना."

माझं डोकंच सणकलं. पूर्ण डिकी घासून परत रंगवली. तोही शेजारी घासत बसला.

•

तीन वर्षांनी गाडी दादांच्या दारात उभी केली. पहिल्या सेल्फला चालू! बाई खांबाला धरून बाहेर आल्या. एका हातानं गाडी चाचपत पुरी फेरी मारली. रंग बघितला, सीट दाबली, डिकीवरून हात फिरवला. मध्येच दम खायला थांबल्या.

"समदं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "पर बैलं कुटंयत?"

मी दादांकडं बघितलं. दादा खाली बघायला लागले.

"काय झालं मिस्त्री, पहिल्या दिवशी आळेफाट्यावर पेट्रोल संपलं. तिथनं बैलांनी वढत आणली. मी बैलं हाणत व्हतो, स्टिअरिंग हिनं धरलं व्हतं."

"मग ते आधी सांगायचं न्हाई व्हय?" बाई म्हणाल्या. "आता निदान येशीपासनं तरी आणा!"

गावात घरोघर ट्रॅक्टर. बैल उरले होते ते फक्त शेजारच्या बैलगाडावाल्याचे, शर्यतीचे! वेशीवर त्यांना गाडीला जुंपलं, तर उभ्या जागी नाचायला लागले. मी कासरा धरून ओरडतोय, "दादा, तीन वर्षं घातलीत मी हिच्यात! हे बैल शर्यतीच्या घाटात पळणारे आहेत!"

दादांनी धोतर खोचलं. बाई स्टिअरिंगला बसल्या, पदर कमरेला घट्ट खोवला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"मिस्त्री, बिरेक लागत्यात न्हवं?"

"लागतात बाई!"

"मग सरक बाजूला. हाणा वो!"